आम्ही काय देतो, तेही विचारा

मा. संचालक, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, देवनार, मुंबई,
तसेच ज्येष्ठांच्या आरोग्याचं काम पाहणारे केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयातील अधिकारी यांस,



‘लासी’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तुमच्या वार्धक्याच्या पाहणीच्या पहिल्या फेरीचा अहवाल मी जमेल तसा वाचला. जमेल तसा म्हणते, कारण तक्ते पुष्कळ आणि अक्षर बारीक. २०१७-१८ मध्ये तुमचे अन्वेषक देशभरातल्या ७२,२५० माणसांना भेटले. त्यांतले ३१,४६४ जण साठी ओलांडलेले होते. त्यांच्या हाताची पकड यंत्रावर मोजली, ठरलेलं अंतर चालायला लावून वेळ पाहिली, छातीतली हवा जोरात फुंकायला सांगितली, बोटाला टोचून रक्ताचा थेंब कागदावर घेतला. आंघोळ स्वतः करता का, औषधं आठवणीनं घेता का, मन उदास असतं का, घरात कुणी वाईट वागवतं का, पैसे कोण देतं, असं सगळं विचारलं. साठीवरच्या सुमारे ५ टक्के लोकांनी वर्षभरात गैरवागणूक सोसल्याचं सांगितलं. हा आकडा आज धोरणाच्या कागदांवर आहे तो तुमच्यामुळे. एवढ्या म्हाताऱ्यांसमोर बसून, त्यांचं ऐकून, ते रकान्यात बसवणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे.

पण अहवाल मिटल्यावर डोळ्यांपुढे जो म्हातारा उभा राहतो, त्याला सारखं काहीतरी होत असतं आणि सारखं काहीतरी हवं असतं. पैशांचा आणि नातवंडं सांभाळण्याचा हिशेब सोडला, तर तो दुसऱ्याला काय देतो, दुसऱ्याचं दुखणं त्याला किती लागतं, त्यासाठी तो अंथरुणातून उठतो की नाही, याची नोंद फारशी दिसत नाही. माझी मागणी तेवढीच आहे. पुढच्या एखाद्या फेरीत करुणामय प्रेमाचे थोडे प्रश्न घाला. आणि घालताना ते इथल्या माणसांच्या तोंडून तयार करा.

मी कोण, हे सांगते. मी निवृत्त आरोग्य सहायिका. नोकरी सगळी सातारा जिल्ह्यात, थोडी एसटीनं, बरीचशी पायी. कुटुंब कल्याण, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सरकारनं ज्या कामाचं रजिस्टर हातात दिलं ते घेऊन दारोदार गेले. प्रश्न विचारणं आणि खरं उत्तर मिळणं यांत केवढं अंतर असतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आता वय बहात्तर. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात बसते, आणि नात परदेशी विद्यापीठात मानसशास्त्र शिकते म्हणून तिच्याकडून निबंध मागवून वाचते.

तिच्याकडूनच कळलं की करुणामय प्रेम मोजण्याची पट्टी तयार आहे. २००५ साली अमेरिकेतल्या सुझन स्प्रेचर आणि कॅनडातल्या बेव्हर्ली फेर यांनी ती मांडली. एकवीस वाक्यं, प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते १ ते ७ मध्ये सांगायचं. तीच वाक्यं तीन तऱ्हांनी विचारता येतात: घरच्या आणि जवळच्या माणसांबद्दल, एखाद्या विशिष्ट माणसाबद्दल, आणि अनोळखी लोकांबद्दल, म्हणजे सगळ्या मानवजातीबद्दल. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिची पाच वाक्यांची छोटी आवृत्ती केली. त्यामुळे ‘प्रश्नावली आधीच लांब आहे’ हे उत्तर मला देऊ नका. पाच वाक्यांना जागा होते.

या पट्टीमागचा विचार मात्र एकवीस वाक्यांपेक्षा मोठा आहे, आणि तो मुख्यतः लिन अंडरवूड या बाईंचा. त्यांनी सुरुवातीच्या काळात ट्रॅपिस्ट मठातल्या साधूंशी बोलून तो घडवला. एकाच मठात, त्याच त्या माणसांबरोबर वर्षानुवर्षं राहणारे हे साधू. ज्याचं खोकणं रात्रभर ऐकू येतं त्या सोबत्यावर प्रेम कसं करायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न असणार. आपल्याकडच्या दोन खोल्यांतल्या सहा माणसांचा असतो तसाच. अंडरवूडबाईंच्या मते करुणामय प्रेमात काही गोष्टी असाव्या लागतात. ते स्वतःच्या मर्जीनं केलेलं असावं. समोरच्याची स्थिती थोडीफार नीट कळलेली असावी. आपण स्वतः कसे आहोत याचंही भान असावं. समोरच्या माणसाचं मोल माणूस म्हणून मनात असावं. आणि ते नुसतं डोक्यातलं नसावं, आतून उमटलेलं असावं. नाव व्हावं म्हणून, अपराधी वाटतं म्हणून, किंवा आपण वरचढ ठरावं म्हणून केलेली मदत हे प्रेम पातळ करते, असंही त्या सांगतात.

म्हातारपणात हे मोजून काय मिळतं? दोन अभ्यास सांगते.

पहिला अमेरिकेतल्या डेट्रॉइट परिसरातला. स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांची पाच वर्षांची माहिती तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापला. जे लोक शेजाऱ्यांना, मित्रांना, नातेवाइकांना प्रत्यक्ष मदत करत होते, किंवा जोडीदाराला मनाचा आधार देत होते, त्यांच्यात त्या पाच वर्षांत मरण पावण्याचं प्रमाण कमी होतं. तब्येत, वय वगैरे हिशेबात धरूनही कमी. मदत घेणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. आमच्या संघातल्या एका गृहस्थांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “मग मला घरात काही करू देत नाहीत ते बंद करायला सांग त्यांना.” विनोदानं म्हणाले, पण ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ या वाक्यानं आमच्या पिढीचं जेवढं नुकसान केलं तेवढं साखरेनंही केलं नसेल.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१५ चा, जोन मोनिन आणि सहकाऱ्यांचा. एकाला अल्झायमर आणि दुसरा त्याला सांभाळणारा, अशी ५८ जोडपी. या लोकांनी आपल्याकडे कुणाच्या सहसा डोक्यात येत नाही अशी गोष्ट केली: आजारी माणसालाही विचारलं. तुमचं तुमच्या नवऱ्यावर, बायकोवर कसं प्रेम आहे, हे ज्याला कालचा दिवस आठवत नाही त्याला विचारलं, आणि त्याचं उत्तर उत्तर म्हणून लिहून घेतलं. दोघांच्या उत्तरांचा मेळ बसत होता. सांभाळणाऱ्याचं प्रेम जिथं जास्त तिथं त्याला ओझं कमी वाटत होतं, हे कुणीही सांगेल. पण आजाऱ्याचं प्रेम जिथं जास्त, तिथंही सांभाळणाऱ्याचं ओझं कमी होतं.

५८ जोडपी म्हणजे फार नव्हेत, आणि एका वेळच्या उत्तरांवरून कशामुळे काय झालं ते ठरवता येत नाही. तरी हे मला पटतं, कारण मी ते पाहिलेलं आहे. आमच्या आळीत एक आजी आहेत. मुलाचं नाव त्यांना आठवत नाही. सुनेला कधी बहीण समजतात, कधी माहेरची शेजारीण. पण ती कामावरून आली की “जेवलीस का गं?” एवढं विचारायचं चुकत नाहीत. दिवसातून चारदा विचारतात, ती जेवत असतानाही विचारतात. सून मला म्हणाली, “ताई, अंगावरचं धुणं काढताना जीव नको होतो. पण आजवर मला या घरात हे दुसऱ्या कुणी विचारलं नाही.” तुमचा अन्वेषक या घरी आला तर आजींच्या नावापुढे आंघोळ: दुसऱ्याच्या मदतीनं, कपडे: दुसऱ्याच्या मदतीनं, स्मरण: क्षीण, असं भरून जाईल. सगळं खरं असेल. पण त्या घरात काय चाललंय ते त्यातून कळणार नाही.

आता मोजायचं कसं, यावर मला जास्त बोलायचं आहे. कारण तुम्ही मान्य केलंत आणि दुसऱ्या दिवशी ती एकवीस वाक्यं मराठीत उतरवून टॅबमध्ये टाकलीत, तर या पत्राचा उपयोग होण्याऐवजी उपद्रव होईल.

ती पट्टी बहुतांशी महाविद्यालयीन तरुणांवर घासून तयार झालेली. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशातल्या साठीवरच्या पुरुषांत साक्षर होते ५९ टक्के आणि बायकांत २८. अशा बाईला ‘हे वाक्य तुम्हाला १ ते ७ मध्ये किती लागू पडतं’ असं विचारलं की ती अन्वेषिकेच्या तोंडाकडे बघते आणि तिला बरं वाटेल असा आकडा सांगते. मी स्वतः असे आकडे रजिस्टरात लिहिलेत. ‘व्हय’, ‘न्हाई’, ‘कधी कधी’ आणि ‘लई’, यापलीकडची मोजणी माझ्या भागात कुणी खऱ्यानं करत नाही. चार पायऱ्या पुरे आहेत.

त्याहून मोठी अडचण अशी की या प्रश्नांना सगळेच हो म्हणतात. ‘परका माणूस दुःखात दिसला तर तुम्हाला कळवळा येतो का?’ शाळेपासून पसायदान म्हणत आलेला माणूस नाही म्हणेल? वारीला जाणारा म्हणेल? म्हणायचंच झालं तर कुठला तरी तुसडा पण प्रामाणिक माणूस म्हणेल, आणि तुमच्या तक्त्यात तो सगळ्यांत निर्दय ठरेल. लोक स्वतःला चांगलं दाखवतात हे मानसशास्त्राला ठाऊक आहे; त्यासाठी १९६० पासून वेगळी पट्टीही वापरतात. पण आपल्याकडे लोक खोटं बोलतात असं नाही. प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो कीर्तनाचा सूर असतो, आणि कीर्तनात मान डोलवायची असते.

म्हणून भावना विचारू नका, काय केलं ते विचारा, असं मला पूर्वी वाटायचं. महिन्याभरात कुणाच्या आजारपणात भेटायला गेलात? गेलात तर दारातून परतलात की उशाशी बसलात? कुणाला डबा दिलात? दवाखान्यात कुणाजवळ रात्र काढलीत? फोन करून कुणाची विचारपूस केलीत, ज्याच्याशी काही काम नव्हतं अशा? कुणाशी बोलणं टाकलं होतं, ते पुन्हा सुरू केलंत का? या प्रश्नांना माणसं विचार करून, बोटं मोजून उत्तरं देतात. नाही म्हणायलाही लाजत नाहीत, कारण ‘गुडघे दुखतात’ हे कारण हाताशी असतं.

पण इथंच गोम आहे. गुडघे खरोखरच दुखतात. नुसती कामं मोजली तर अंथरुणाला खिळलेला माणूस कोरडा ठरणार, आणि धडधाकट, मोकळा, खिशात पैसे असलेला माणूस संत. आमच्या आळीतल्या आजींना शून्य गुण मिळतील. उलट नुसत्या भावना मोजल्या तर सगळं गाव संतांचं. दोन्ही विचारायला हवं, आणि वेगवेगळं मांडायला हवं. ज्याला हलता येत नाही त्याला विचारा: दिवसभर पडल्या पडल्या कुणाची काळजी करता? ज्याची करता त्याला सध्या कसला त्रास आहे, सांगू शकाल का? हा दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. काळजी करतो म्हणणारे पुष्कळ, पण सुनेची पाळी चुकली म्हणून ती घाबरलेली आहे हे माहीत असणारी सासू वेगळी. समोरच्याची स्थिती नीट कळलेली असावी, असं अंडरवूडबाई म्हणतात ते हेच असावं. आणि मोनिनबाईंनी केलं तसं समोरच्या माणसालाही विचारा: या घरात तुमची विचारपूस कोण करतं? म्हाताऱ्यानं स्वतःबद्दल सांगितलेलं आणि सुनेनं त्याच्याबद्दल सांगितलेलं, दोन्ही शेजारी ठेवा.

अर्थात, एकाच वेळी नाही. दाराच्या चौकटीत कोण उभं आहे यावर आपल्याकडे निम्मी उत्तरं ठरतात. सून चहा घेऊन आली की सासूचं प्रेम वाढतं, आणि मुलगा मोटारसायकल लावून आत आला की दोघींचंही. वाईट वागणुकीबद्दल विचारताना एकांत पाहावा हे सगळ्यांना पटतं. प्रेमाबद्दल विचारताना तो तितकाच लागतो, हे मात्र कुणी मनावर घेत नाही.

बायकांचा एक वेगळा मुद्दा. सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची देखभाल करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ७६. मुलं, आजारी, म्हातारे सगळे धरून. शिवाय ते करणाऱ्यांत बायकाच कितीतरी जास्त. आता साठ-पासष्टची बाई नव्वदीच्या सासूचं करते आणि गुडघे धरून नवऱ्याचंही करते. हे प्रेम आहे का? असेलही. पण तिला दुसरा मार्ग होता का, हे विचारल्याशिवाय ते प्रेमाच्या रकान्यात घालणं म्हणजे तिच्या मजुरीला नैवेद्य म्हणणं आहे. एक साधा प्रश्न घाला: हे काम दुसरं कुणी करायला असतं, तर तुम्ही किती केलं असतं? कुणी म्हणेल, तेवढंच. कुणी म्हणेल, रात्रीचं तेवढं सोडलं असतं. कुणी काहीच बोलणार नाही. त्या गप्प राहण्यालाही एक रकाना ठेवा.

परक्यांबद्दलच्या प्रश्नांत मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते. शिकागोतल्या माणसाला रस्त्यावर रोज शेकडो परके दिसतात. माझ्या भागातल्या म्हातारीच्या आयुष्यात परका कोण? दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या हद्दीत शिवाराकडेला कोप्या पडतात, उन्हाळा लागला की जातात. त्या कोपीत बाई बाळंत झाली तेव्हा पहाटे शेक द्यायला शेगडी, तेल आणि जुनी लुगडी घेऊन गेलेली म्हातारी मी पाहिली आहे. कुणी सांगितलं नव्हतं, नाव होणार नव्हतं, त्या बाईची पुन्हा भेटही होणार नव्हती. आणि हीच म्हातारी गावातल्याच दुसऱ्या वस्तीवरच्या बाईला, जिला ती पन्नास वर्षं नावानं ओळखते, पाण्याच्या हंड्याला हात लावू देत नसे. आता हिचे गुण किती? कोपीचे विचारले तर सात. वस्तीचे विचारले तर एक. सरासरी काढली की चार, आणि मग तो आकडा कुणाचाच नसतो. दूरच्या परक्यावर प्रेम करणं सोपं जातं, कारण तो जाणार असतो. जवळचा परका रोज समोर येतो आणि त्याच्याशी आपला मानाचा हिशेब असतो. आपल्या देशात करुणा मोजायची आणि जात टाळायची, हे जमणार नाही. प्रश्न अवघड आहे हे कबूल; पण कुणाच्या घरी आजारपणात जाऊन बसलात, तिथं चहा घेतलात का, एवढं विचारता येतं. चहा घेतला का यात सगळं येतं.

हे इतकं सगळं नव्यानं कोण करणार, असं तुम्ही म्हणाल. केलेलं आहे. १९९५ च्या सुमारास हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती तपासायची होती, तेव्हा अभ्यासकांनी परदेशी चाचणी जशीच्या तशी लादली नाही. कागदावरचं वाचून डोळे मिटा, याऐवजी माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा, असं ठेवलं. एक वाक्य लिहून दाखवा, याऐवजी तुमच्या घराबद्दल काही सांगा, असं विचारलं. लासीला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या पाहणीत तीच चाचणी वापरली गेली. दुसरं उदाहरण मुंबईकर विक्रम पटेलांचं. १९९० च्या दशकात झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये त्यांनी लोक आपलं मानसिक दुखणं ज्या शब्दांत सांगतात त्या शब्दांतूनच शोना भाषेतली चौदा प्रश्नांची चाचणी तयार केली. मग ते गोव्यात आले आणि १९९६ मध्ये ‘संगथ’ ही संस्था उभी राहण्यात त्यांचा हात होता. हरारेतल्या त्या चाचणीचं पुढे काय झालं ते तर आमच्या वयाच्या माणसांनी मुद्दाम वाचावं. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी आरोग्य केंद्रांच्या आवारात बाक टाकले, त्यांवर प्रशिक्षण दिलेल्या आज्या बसवल्या, आणि ज्यांच्या मनाला त्रास आहे त्यांचं त्या ऐकून घेऊ लागल्या. कुणाला या बाकाची गरज आहे, हे ती चौदा प्रश्नांची चाचणी ठरवते. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांवरच्या तुलनात्मक चाचणीचे निकाल छापून आले: आज्यांशी बोललेल्यांचा त्रास नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त उतरला होता. म्हाताऱ्या बायकांची करुणा तिथं आरोग्य यंत्रणेचा भाग झाली. आपल्याकडे अशा बायका गावोगाव आहेत. त्यांची मोजदाद नाही एवढंच.

आता मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांसाठी. हे मोजमाप तुमच्या हाती पडल्यावर त्याचं काय होईल, याची मला भीती आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मागणी करणं बरोबर नाही. ‘भारतीय कुटुंबांत करुणेचं प्रमाण उच्च’ असा मथळा मला आत्ताच दिसतो. त्याच्या पाठोपाठ निष्कर्ष येईल की घरात प्रेम आहे, मग दिवसभराचं देखभाल केंद्र कशाला, घरी येणारी परिचारिका कशाला. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला महिना २०० रुपये आहे आणि तो कित्येक वर्षं हललेला नाही. आमच्या राज्यात श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १,५०० मिळतात. एवढ्यात प्रौढांचे डायपरही महिनाभर पुरत नाहीत.

मोनिनबाईंच्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. प्रेम जास्त तिथं ओझं कमी वाटत होतं, पण सांभाळणाऱ्याच्या नैराश्याशी मात्र प्रेमाचा, ना त्याच्या स्वतःच्या ना आजाऱ्याच्या, ठळक संबंध सापडला नाही. म्हणजे जीव लावून करणारी बाईसुद्धा आतून ढासळू शकते. तिला रात्रीची झोप हवी असते, बदली माणूस हवा असतो, डॉक्टर हवा असतो. प्रेमाचा आकडा चांगला आला म्हणून यातलं काही कापता येणार नाही, हे अहवालातच, आकड्याच्या शेजारी छापा.

आणि हा आकडा कुणा एका माणसाच्या नावावर कधीही चिकटवू नका. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे मुलांवर अर्ज करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळू शकतात. उद्या तिथं मुलाच्या वकिलानं ‘आईचे करुणेचे गुण कमी आहेत’ असा कागद पुढे केला, तर तो कागद तुमचा असेल. चरितार्थाचा हक्क प्रेमळ म्हाताऱ्यांनाच आहे असं कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. खडूस म्हाताऱ्यांनाही भूक लागते. तशीच ‘सर्वाधिक प्रेमळ जिल्हा’ अशी क्रमवारीही लावू नका. ती लागली की कलेक्टर बैठक घेणार, बैठकीत लक्ष्य ठरणार, आणि माझ्या जागी आता काम करणारी मुलगी मार्चअखेर ते लक्ष्य रजिस्टरात पूर्ण करणार. मी त्या खुर्चीवर बसलेली आहे.

तेव्हा विनंती अशी. आधी छोट्या प्रमाणावर करून पाहा. महाराष्ट्रात सुरुवात करा, तुमची संस्था इथंच आहे. साताऱ्यातलं एखादं गाव, मराठवाड्यातलं जिथून टोळ्या निघून जातात आणि मागे म्हातारीच राहतात असं एखादं, मुंबईतली एक चाळ, आणि एखादा वृद्धाश्रम घ्या. वृद्धाश्रम विसरू नका, कारण तिथं जवळची माणसं नसतात आणि तरी शेजारच्या कॉटवरच्या माणसाला रात्री पाणी देणारं कुणीतरी असतं. प्रश्न तयार करणाऱ्या समितीत प्राध्यापक असू द्या, पण दोन आशाताई, एक निवृत्त परिचारिका आणि सत्तरी ओलांडलेली चार माणसंही घ्या. मानधन सगळ्यांना सारखं द्या. ऊसतोड करून परत आलेली एखादी बाई त्यात असेल तर परक्यांबद्दलचे प्रश्न ती तुमच्यापेक्षा नीट लिहील. लासीची आखणीच त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जाण्याची आहे, म्हणून आज हे विचारलंत तर पुढच्या फेऱ्यांत दिसेल की वय वाढताना माणसाची माया वाढते, आटते की फक्त घरापुरती उरते. हे सांगू शकेल अशी दुसरी एवढी मोठी पाहणी आपल्याकडे माझ्या माहितीत नाही.

आणि मराठी प्रश्न पक्के होण्याआधी ते एकदा आमच्या संघात येऊन मोठ्यानं वाचून दाखवा. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही असतो. कोणत्या प्रश्नाला लोक खोटं बोलतील, ते आम्ही तिथल्या तिथं सांगू.



आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका
जिल्हा सातारा